एकवीस वर्षांची अट

टपाल दिन जवळ आला, की आमच्या कचेरीत पत्रांवर काहीतरी छापायची टूम निघते. एका वर्षी पोस्टमनच्या मुलाखती झाल्या, एका वर्षी तिकिटांचे संग्रह. यंदा संपादक म्हणाले, "जरा बाहेर डोकाव. अमेरिकेत दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची पत्रं जपून ठेवलेली आहेत. राजकारण्यांची आहेत, साध्या माणसांची आहेत. बघ, घरातल्या सगळ्यांना वाचावंसं वाटेल असं त्यात काय सापडतंय."

मी खूश झाले. बसल्या जागेवरून, इंटरनेटवर, दुसऱ्यांची पत्रं वाचायची आणि त्याचा पगार घ्यायचा! यापेक्षा सुखाचं काम कोणतं?

त्याच आठवड्यात आईने पलंगाखालची ट्रंक बाहेर काढायला लावली.

बाबा रेल्वेत होते. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं ते इटारसीला आणि आई साताऱ्याला, सासू-सासरे, दीर-नणंदा अशा भरल्या घरात. क्वार्टर मिळायला तेवढा वेळ लागला. बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांच्या लोखंडी ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने घातलेलं नाव अजून दिसतं. आत सर्व्हिसचे कागद, एक जुना मफलर, आणि खाली आईच्याच साडीच्या काठाने बांधलेलं निळ्या आंतरदेशीय पत्रांचं जाडजूड पुडकं.

"ही माझी आहेत," आई म्हणाली. बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "एकाचंही कधी धड उत्तर दिलं नाही बघ. 'पत्र पोचलं, तब्येतीला जपणे,' एवढंच. आणि ठेवलीत मात्र सगळी."

मी हात पुढे केला, तशी तिने पुडकं मांडीवर ओढलं. "वाचायची नाहीत. जाळून टाकायची. मी असतानाच जाळ, म्हणजे मला बघता येईल."

मी 'बरं' म्हटलं. पण जाळायला हात होईना. आठ दिवस ते पुडकं माझ्या कपाटात राहिलं, आणि त्या आठ दिवसांत मी रात्री दुसऱ्याच एका घराचे कागद वाचत होते. लिंकनच्या घरचे.

अब्राहम लिंकन आपल्याला शाळेपासून माहीत असतो. गुलामगिरी संपवणारा, उंच, दाढीवाला, गोळी लागून मेलेला. (ती दाढीसुद्धा पत्रामुळे आली. ऑक्टोबर १८६०मध्ये, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने त्याला कळवलं, की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी राखा, बरे दिसाल. त्याने चार दिवसांत उत्तर पाठवलं आणि पुढे दाढीही राखली.) १४ एप्रिल १८६५च्या रात्री त्याच्यावर गोळी झाडली गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्यानंतर त्याच्या चिटणिसांनी कचेरीतले कागद खोक्यांत भरले आणि ते इलिनॉयला एका न्यायाधीश मित्राकडे ठेवायला पाठवले. पुढे ते थोरला मुलगा रॉबर्ट याच्या ताब्यात आले. चार मुलांतला तेवढाच एक जगला होता.

रॉबर्ट मोठा वकील झाला, मंत्री झाला, पण बापाचे कागद त्याने सहसा कुणाला दाखवले नाहीत. जुन्या चिटणिसांनी दहा खंडांचं चरित्र लिहिलं तेव्हा त्यांना दिले, तेवढेच. तो ते जाळतो अशी बोलवा होती. शेकोटीसमोर कागद घेऊन बसलेल्या रॉबर्टला एका मित्राने ऐन वेळी अडवलं, अशी गोष्टही सांगतात. इतिहासकारांचा तिच्यावर फारसा विश्वास नाही. शेवटी त्याने सगळे कागद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले, पण अट घालून: माझ्या मृत्यूनंतर एकवीस वर्षं कुणी उघडायचे नाहीत. २६ जुलै १९२६ला रॉबर्ट गेला.

म्हणजे मुदत संपली ती जुलै १९४७मध्ये. आपल्याकडे स्वातंत्र्य तीन आठवड्यांवर आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. २५ जुलैच्या रात्री ग्रंथालयात अभ्यासक जमून बसले होते. लिंकनचं मोठं चरित्र लिहिणारा कवी कार्ल सँडबर्ग त्यांच्यात होता. बारा वाजून एक मिनिट झालं आणि कुलपं उघडली. इतकी वर्षं लपवलं म्हणजे काहीतरी भयंकर असणार, बापाच्या खुनामागच्या कटाचा पुरावा असणार, अशी अनेकांची अटकळ होती.

तसलं काही निघालं नाही. निघाली ती बहुतांशी इतरांनी लिंकनला लिहिलेली पत्रं. नोकरी मागणारी, मुलाला सैन्यातून सोडा म्हणणारी, सल्ले देणारी, शिव्या देणारी. आज त्यातले वीस हजारांहून जास्त कागद कुणालाही घरबसल्या पाहता येतात. त्या ढिगात मला बाबा दिसायला लागले. उत्तरं नाहीत, पण पत्रं ठेवलेली.

एक पाकीट मात्र उलट प्रकारचं आहे. जुलै १८६३मध्ये गेटिसबर्गची लढाई उत्तरेच्या सैन्याने जिंकली, पण सेनापती मीडने पळणाऱ्या शत्रूचा नेटाने पाठलाग केला नाही आणि तो नदी ओलांडून निसटला. लिंकन कमालीचा चिडला. १४ जुलैला त्याने मीडला लांबलचक पत्र लिहिलं. सुरुवातीला आभार मानले, मग सांगितलं की शत्रू निसटणं हे केवढं दुर्दैव आहे ते तुम्हाला कळलेलं दिसत नाही, तो तुमच्या मुठीत होता, आता ही लढाई संपता संपणार नाही. लिहिलं, घडी घातली, आणि पाकिटावर नोंद केली की हे कधी पाठवलं नाही, सहीही केलेली नाही. मीडने वरिष्ठांच्या नाराजीमुळे आधीच राजीनामा देऊ केला होता. त्यात राष्ट्राध्यक्षाचं हे पत्र गेलं असतं तर?

पण मला प्रश्न पडला तो वेगळाच. पाठवायचं नव्हतं, तर फाडलं का नाही? चार वर्षं युद्ध चालवणाऱ्या माणसाला कागद फाडायला फुरसत नव्हती असं थोडंच आहे! राग पाठवायचा नाही, पण झाला होता हे पुसायचंही नाही, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. हा आपला माझा तर्क.

आता जिला उत्तर हवंच होतं अशा बाईचं पत्र सांगते. हे वॉशिंग्टनच्याच राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, जुन्या युद्धखात्याच्या कागदांत. २५ ऑगस्ट १८६४ला मेरीलँडमधल्या बेल एअर गावातून ॲनी डेव्हिस नावाच्या गुलाम स्त्रीने थेट राष्ट्राध्यक्षांना लिहिलं. जेमतेम चार-पाच ओळी. मला मोकळं व्हायचं आहे, पूर्व किनाऱ्यावर माझी माणसं आहेत त्यांना भेटायला जायचं आहे, मालकीण जाऊ देत नाही. आम्ही मोकळ्या झालो आहोत की नाही तेवढं कृपा करून कळवा, म्हणजे काय करायचं ते मला ठरवता येईल.

शाळेत आपण शिकतो की लिंकनने १ जानेवारी १८६३ला गुलाम मुक्त केले. तो जाहीरनामा फक्त बंडखोर राज्यांपुरता होता. मेरीलँड उत्तरेच्या बाजूने राहिलेलं, म्हणून तिथले गुलाम जाहीरनाम्यानंतरही गुलामच. ॲनीच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या दिवशी 'नाही' असंच होतं. सव्वादोन महिन्यांनी, १ नोव्हेंबर १८६४ला, मेरीलँडची नवी राज्यघटना लागू झाली आणि तिथली गुलामगिरी संपली. डिसेंबर १८६५मध्ये ती साऱ्या देशातून गेली. त्याचे पडसाद पार पुण्यापर्यंत आले. १८७३ साली जोतिराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या या सदाचारी लोकांनाच.

ॲनीला उत्तर गेल्याची नोंद सापडलेली नाही. पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं आणि दफ्तरी लागलं. आपल्या माणसांना ती भेटली का? कागद काही सांगत नाही. कुणीतरी कारकुनाने तो फेकला नाही एवढंच.

त्या रात्री मी कपाट उघडलं. आणि पुडक्यातलं एक पत्र काढून वाचलं.

आईने नको म्हटलं होतं. तरी वाचलं. दुसऱ्यांची पत्रं वाचून वाचून डोळा निर्ढावला होता म्हणा, किंवा नुसती हाव म्हणा. ते १९८२ सालचं होतं. वर 'सप्रेम नमस्कार', नवऱ्याचं नाव अर्थातच नाही. आधी हवापाणी, मग कुणाच्या तरी बारशाचं. आणि शेवटी, आंतरदेशीयाच्या दुमडायच्या पट्टीवर बारीक अक्षरात, की आज गिरणीत मुद्दाम शेवटचा नंबर लावला, त्यामुळे अर्धा तास रडायला मिळाला. तुम्ही काळजी करू नये.

माझी आई! भांडणात कधी माघार न घेणारी, रडणाऱ्या बाईला 'उठ, तोंड धू' म्हणणारी. मी पत्राची घडी घातली आणि पुडकं होतं तसं बांधलं.

तिला ती का जाळायची आहेत ते मला थोडंफार कळलं. आजी केव्हाच गेली, पण आत्या आहे. दर दिवाळीला येते, आईच्या हातचे अनारसे डबा भरून नेते. चाळीस वर्षांपूर्वी एकीने दुसरीबद्दल काय लिहिलं होतं, ते आता कुणाच्या हाती लागून काय उपयोग?

हे ओझं डोक्यात घेऊनच मी मेरी लिंकनपर्यंत पोचले.

मेरी ही अब्राहमची बायको, रॉबर्टची आई. नवराबायकोची एकमेकांना लिहिलेली पत्रं फार थोडी उरली आहेत. एक एप्रिल १८४८चं आहे. तो वॉशिंग्टनला खासदार, ती मुलांना घेऊन माहेरी. तो लिहितो, तू इथे होतीस तेव्हा वाटायचं तुझ्यामुळे कामात अडथळा येतो, आता नुसतं कामच उरलंय तर त्यात चव राहिली नाही. आणि एक तार आहे जून १८६३ची, युद्ध चालू असतानाची: टॅडचं पिस्तूल दूर ठेवलेलं बरं, मला त्याच्याबद्दल वाईट स्वप्न पडलं. टॅड म्हणजे धाकटा.

मेरीच्या नशिबी मग एकेक मृत्यू आला. एक मुलगा १८५०मध्ये गेला होता, दुसरा १८६२मध्ये राष्ट्राध्यक्षाच्या घरात गेला. १८६५मध्ये शेजारी बसलेल्या नवऱ्याला गोळी लागली. १८७१मध्ये टॅड गेला. उरला रॉबर्ट. मार्च १८७५मध्ये फ्लोरिडात असताना तिच्या मनाने घेतलं की रॉबर्ट मरणार. तिने तारा केल्या, गाडी पकडून शिकागो गाठलं. तो ठणठणीत होता. पण आई भ्रमिष्टासारखी वागते, वाटेल ती खरेदी करते, हजारो डॉलरचे रोखे कपड्यांत शिवून हिंडते, हे पाहून त्याने वकील गाठले. १९ मे १८७५ला, काही कल्पना नसताना, तिला कोर्टात नेऊन बसवलं. बारा पुरुषांची ज्यूरी. मुलाने रडत रडत आईविरुद्ध साक्ष दिली. त्याच दिवशी ती वेडी ठरली, आणि दुसऱ्या दिवशी तिची रवानगी बटेव्हिया गावातल्या खाजगी मनोरुग्णालयात झाली.

तिथून तिला सोडवलं ते पत्रांनी. मायरा ब्रॅडवेल या मैत्रिणीला तिने लिहिलं. मायरा कायद्याचं साप्ताहिक चालवायची. कायदा शिकूनही केवळ बाई म्हणून तिला वकिलीची सनद नाकारली होती, आणि १८७३ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते योग्यच ठरवलं होतं. अशी बाई गप्प बसते होय! तिने आणि तिच्या नवऱ्याने वर्तमानपत्रांतून असा गवगवा केला, की सप्टेंबरात मेरीला बहिणीकडे पाठवावं लागलं. जून १८७६मध्ये दुसऱ्या ज्यूरीने तिला शहाणी ठरवलं.

त्यानंतर चार दिवसांनी तिने मुलाला पत्र लिहिलं. माझी चित्रं, माझं चांदीचं सामान, सगळं परत पाठव, लुबाडणूक पुष्कळ झाली. मायना काय, तर 'रॉबर्ट टी. लिंकन'. 'प्रिय' नाही, 'चिरंजीव' नाही. पोटच्या पोराला आडनावासकट हाक. माझी आई बाबांचं नाव कागदावर घालत नव्हती ते लाजेने आणि रीत म्हणून. इथे एका आईने पूर्ण नाव घातलं, आणि त्या नावात केवढा संताप होता!

या पत्रांचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. मायराच्या नातीने मेरीच्या पत्रांवर एक पुस्तक लिहून काढलं. रॉबर्ट तोवर गेला होता, पण त्याच्या बायकोला, म्हणजे मेरीच्या सुनेला, ते कळलं. सुनेने पैसे मोजून मूळ पत्रं आणि हस्तलिखित दोन्ही ताब्यात घेतलं आणि पत्रं नष्ट करवली. झालं, विषय संपला असंच सगळे धरून चालले. अभ्यासक कित्येक वर्षं त्यांना 'हरवलेली पत्रं' म्हणायचे. २००५ साली जेसन इमर्सन नावाचा एक संशोधक लिंकन घराण्याच्या जुन्या वकिलाच्या कुटुंबाकडे पोचला. तिथल्या माळ्यावर एक ट्रंक होती, आणि तिच्यात पंचवीसेक पत्रांच्या नकला! जाळणारीच्याच वकिलाने त्या ठेवून दिल्या होत्या. काही खुद्द मनोरुग्णालयातून लिहिलेली. त्यांतल्या मेरीचं बोलणं तिच्या तोंडूनच ऐकायला मिळतं, नाहीतर तोवर होती ती मुलाची आणि डॉक्टरांची बाजू.

आणि रॉबर्ट? पत्रं जाळणारा म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवायचं, त्याने आईच्या वेडाच्या प्रकरणाचे कागद एका वेगळ्या पुडक्यात बांधून ठेवले होते. १९७५ साली, तो जाऊन जवळजवळ पन्नास वर्षं झाल्यावर, व्हर्माँटमधल्या त्याच्या घरातल्या एका बंद कपाटात ते मिळाले. आईचं ते 'रॉबर्ट टी. लिंकन' असं सुरू होणारं पत्रही त्यातच होतं. त्याला लुबाडणारा म्हणणारं. ते त्याला सहज नाहीसं करता आलं असतं.

रविवारी दुपारी मी आईला हे सगळं सांगितलं. ती शेंगा सोलत होती. सुनेने पत्रं नष्ट केली म्हटल्यावर ती म्हणाली, "बरोबर केलं. घरातलं घरात." मुलाने मात्र आईची शिव्यांची पत्रं जपली म्हटल्यावर हात थांबला. "का ठेवली असतील गं?"

"काही लिहून ठेवलं नाही त्याने."

"त्यांची भेट झाली का पुढे?"

झाली, म्हटलं. १८८१मध्ये तो त्याच्या मुलीला घेऊन आईकडे गेला. पुढच्या वर्षी ती वारली.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग मी हळूच विषय काढला. रॉबर्टसारखी अट घालूया. पुडकं मी उघडणार नाही, कुणाला दाखवणार नाही. तुझ्या पश्चात एकवीस वर्षं. लेखी देते.

ती खो खो हसली. "एकवीस! तोवर तुझीच कवळी येईल. वाचणार कशाने?" मग जरा थांबून, "तुझी आत्या माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. तिचं झालं की बघा."

"म्हणजे जाळायची नाहीत?"

"सगळी नाहीत. आण इकडे. आणि माझा चष्मा दे."

तीन दुपारी ती खिडकीशी बसून वाचत होती. मला जवळ येऊ दिलं नाही. मधूनच हसायची, मधूनच एखादं पत्र उलटं ठेवायची. तिसऱ्या दिवशी सात पत्रं बाल्कनीत जुन्या कढईत घालून तिने स्वतःच्या हाताने पेटवली. कुणाकुणाबद्दल होती ते मी विचारलं नाही. निळा कागद आधी तपकिरी होतो, मग काळा, आणि काळ्यावरची अक्षरं क्षणभर राखाडी होऊन वाचता येतात. मी मान वळवली.

बाकीच्यांना तिने परत साडीचा काठ बांधायला घेतला. गाठ मारता मारता थांबली, मधलं एक पत्र ओढून काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"हे तू उघडलंयस."

मी गप्प.

"घडी चुकलीय. पट्टी आत घालायची असते." तिने ते उलगडलं, गुडघ्यावर सपाट केलं, तिच्या पद्धतीने पुन्हा घडी घातली आणि पुडक्यात होतं त्या जागी सारलं. "जा, चहा टाक."

मी चहा टाकायला उठले.